विमानमार्गांचा हौशी नकाशा ताजा कसा ठेवायचा

मुंबई म्हटलं की एकच ठिपका दाखवणारे सगळे हौशी विमाननकाशे २५ डिसेंबर २०२५ला एका दिवसात जुने झाले. त्या दिवशी नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. कळंबोली-खारघरच्या माणसाला ‘घराजवळून थेट कुठे जाता येतं’ हे बघायचं होतं, आणि नकाशा त्याला अजून अंधेरीला पाठवत होता.

ठाणे-नवी मुंबईत आमच्यासारखे काही जण नोकरी सांभाळून असली साधनं चालवतात. विमानतळ निवडा, तिथून निघणाऱ्या रेषा दिसतात, एवढंच त्याचं काम. बांधायला ते सोपं असतं. दोन शनिवार-रविवार आणि वेबपानावर नकाशा काढणारी लीफलेट ही लायब्ररी पुरते. पुढची तीन-चार वर्षं ते खरं ठेवणं मात्र वेगळंच काम आहे, आणि बहुतेक साधनं तिथेच मरतात. हा लेख त्या कामाबद्दल आहे. कुणाचा तरी जुना प्रकल्प गळ्यात पडलेल्यांसाठी आणि नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठीही.

आमचा एकच हट्ट आहे आणि बाकी सगळी पद्धत त्यातून येते: रेषा पुसायची नाही. तिला सुरू झाल्याची तारीख, बंद झाल्याची तारीख आणि दोन्हींचा पुरावा द्यायचा.

पहिलं काम: हाती आलेली माहिती किती जुनी आहे ते बघा

बहुतेक हौशी नकाशांच्या मुळाशी ओपनफ्लाइट्स या खुल्या माहितीसाठ्याच्या फाइली असतात. विमानतळ, विमानकंपन्या आणि मार्ग अशा तीन वेगळ्या फाइली, फुकट आणि वापरायला सोप्या. त्यातली मार्गांची फाइल जून २०१४ची आहे. बाहेरून येणारा पुरवठा तेव्हा थांबला आणि ती फाइल तिथेच गोठली. सुमारे ६७ हजार ओळी आहेत, त्यामुळे नकाशा भरगच्च दिसतो आणि कुणाला शंका येत नाही.

शंका आणायची सोपी युक्ती म्हणजे मेलेल्या कंपन्या शोधणं. नकाशात जेट एअरवेज उडताना दिसली तर माहिती एप्रिल २०१९च्या आधीची. विस्तारा कुठेच नसेल तर जानेवारी २०१५च्याही आधीची. विस्तारा जन्मली, दहा वर्षं नांदली, १२ नोव्हेंबर २०२४ला एअर इंडियात विलीनही झाली. २०१४च्या फाइलला यातलं काहीच माहीत नाही. गो फर्स्ट दिसत असेल तर मे २०२३नंतर कुणी हात लावलेला नाही. अशा चार-पाच खुणांवरून फाइलचं वय कळतं.

जुनी मार्गफाइल दुरुस्त करत बसू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. तिला इतिहास म्हणून वेगळी ठेवा आणि चालू मार्ग नव्यानं भरायला घ्या. सगळं जग एकदम घेऊ नका. आम्ही महाराष्ट्रातल्या विमानतळांवरून निघणारे मार्ग एवढीच हद्द ठरवली. ‘आमचा नकाशा एवढ्यापुरता खरा आहे’ हे मुख्य पानावर ठळक लिहिलेलं छोटं साधन हे जगभर अर्धवट खरं असलेल्या साधनापेक्षा कामाचं.

परवाने याच टप्प्यावर वाचा. ओपनफ्लाइट्सची माहिती ओपन डेटाबेस परवान्याखाली येते: श्रेय द्यायचं, आणि तिच्यावर बांधलेला माहितीसाठा जाहीर केला तर तोही त्याच अटींवर. अवर-एअरपोर्ट्स या संकेतस्थळाची विमानतळांची यादी सार्वजनिक मालकीची आहे आणि रोज ताजी होते. विमानतळांसाठी आम्ही तीच घेतो.

तक्त्याची रचना

जुन्या मार्गफाइलीत कंपनी, कुठून, कुठे, कोडशेअर (दुसऱ्या कंपनीच्या विमानावर आपला क्रमांक लावून तिकीट विकणं), थांबे आणि विमानाचा प्रकार एवढंच असतं. तारीख नाही. म्हणून ती ताजी ठेवताच येत नाही; कुठली ओळ कधीची हे कळायला वावच नाही.

आमच्या तक्त्यात प्रत्येक मार्गाला हे रकाने आहेत: तिकीट विकणारी कंपनी, प्रत्यक्ष विमान चालवणारी कंपनी, कुठून, कुठे, पहिलं उड्डाण, शेवटचं उड्डाण, स्थिती, पुराव्याचा दुवा, टिपणी, शेवटची तपासणी आणि तपासणाऱ्याचं टोपणनाव. शेवटचं उड्डाण रिकामं असेल तर मार्ग बंद झालेला नाही.

विकणारी आणि चालवणारी कंपनी वेगळी ठेवणं सुरुवातीला अतिरेकी वाटतं. पण जुलै २०२५मध्ये इंडिगोनं मुंबईहून मँचेस्टर आणि अ‍ॅमस्टरडॅम सुरू केलं ते नॉर्स या दुसऱ्या कंपनीकडून भाड्यानं घेतलेल्या ड्रीमलायनर विमानांवर. तिकीट इंडिगोचं, विमान नॉर्सचं. एकच रकाना असता तर कुणीतरी नॉर्स लिहिलं असतं, कुणीतरी इंडिगो, आणि नकाशावर दोन रेषा आल्या असत्या. कोडशेअरचंही तेच. एका विमानावर तीन-तीन कंपन्यांचे क्रमांक असतात. रेषा एकच हवी, चालवणाऱ्याच्या नावाची.

जाणं आणि येणं वेगळ्या ओळींत ठेवा. लहान विमानतळांवर त्रिकोणी फेऱ्या असतात: मुंबईहून एका गावी, तिथून दुसऱ्या गावी, मग परत मुंबई. ‘गेलं म्हणजे आलंच’ असं गृहीत धरलं तर नकाशावर प्रत्यक्षात नसलेली रेषा उमटते.

नवीन विमानतळ भरताना

इथे थोडा वेळ घालवू, कारण चुका इथे रुजतात आणि पुढे सगळीकडे पसरतात.

नवी मुंबईची नोंद घ्या. आयाटा कोड एनएमआय, आयकाओ कोड व्हीएएनएम. आयाटा कोड तिकिटावर आणि बॅगेच्या पट्टीवर दिसतो, आयकाओ कोड वैमानिक आणि नियंत्रण कक्ष वापरतात. प्रवाशाला दाखवायला आयाटा चांगला, पण तक्त्याची चावी, म्हणजे प्रत्येक नोंद ओळखायची कायमची खूण, म्हणून तो वापरू नका. आयाटा कोड एका विमानतळावरून दुसऱ्यावर जातात. हैदराबादचा एचवायडी मार्च २००८पर्यंत बेगमपेठचा होता. शमशाबाद सुरू झालं तसा तो तिकडे गेला आणि बेगमपेठला बीपीएम मिळाला. बंगळुरूचा बीएलआर त्याच वर्षी मे महिन्यात एचएएलच्या विमानतळावरून देवनहळ्ळीला गेला. इस्तंबूलचा आयएसटी एप्रिल २०१९मध्ये अतातुर्कवरून नव्या विमानतळावर गेला. चावी म्हणून आयाटा वापरलेल्या नकाशात २००५ची उड्डाणंही शमशाबादला उतरतात, जिथे तेव्हा धावपट्टीच नव्हती.

आयकाओ कोड जागेला जास्त चिकटून असतात. बेगमपेठ व्हीओएचवाय, शमशाबाद व्हीओएचएस. तरी सगळ्यात सुरक्षित म्हणजे स्वतःचा साधा अनुक्रमांक; एकदा दिला की तो बदलायचा नाही. दोन्ही कोड त्याच्या शेजारी, तारखांसकट.

आयकाओवरून एक फुकटची तपासणीही होते. भारतातले कोड व्हीए, व्हीई, व्हीआय किंवा व्हीओनं सुरू होतात. ढोबळमानानं पश्चिम, पूर्व, उत्तर आणि दक्षिण. महाराष्ट्रातल्या विमानतळाला व्हीओचा कोड दिसला तर थांबून बघा. गोवा मात्र दक्षिणेत मोडतं: दाभोळी व्हीओजीओ, मोपा व्हीओजीए. आयाटात तेच जीओआय आणि जीओएक्स. मोपावरून जानेवारी २०२३मध्ये उड्डाणं सुरू झाली तेव्हा ‘गोवा’ असं नुसतं शहर लिहिणाऱ्या नकाशांची जी गत झाली, तीच आता ‘मुंबई’ लिहिणाऱ्यांची होते आहे. मार्ग विमानतळाला बांधा, शहराला नाही. शोधताना ‘मुंबई’ टाइप केलं की दोन्ही विमानतळ दाखवा. सरळ रेषेत ते वीस-पंचवीस किलोमीटरवर आहेत, पण ठाण्याहून सकाळी सहाचं विमान पकडणाऱ्याला त्या दोघांतला फरक चांगलाच कळतो.

नावाचा तर चावी म्हणून विचारही करू नका. मुंबई विमानतळाच्या नावात ‘महाराज’ २०१८मध्ये आलं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, कोड आयएक्सयूच राहिला. जुनी नावं वेगळ्या रकान्यात ठेवा म्हणजे जुन्या नावानं शोधणाऱ्यालाही सापडेल. अवर-एअरपोर्ट्समध्ये यासाठी वेगळा रकाना आहे.

अक्षांश-रेखांश. सरकारी कागदांत ते अंश, मिनिटं, सेकंदांत असतात आणि नकाशाला दशांश लागतो. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५, १८.३० नव्हे. दुसरी गोष्ट क्रमाची: जिओजेसन या नकाशाच्या फाइल-प्रकारात आधी रेखांश आणि मग अक्षांश, लीफलेटमध्ये उलट. अदलाबदल झाली तर १९ उत्तर, ७२.८ पूर्वेची मुंबई ७२.८ उत्तर, १९ पूर्वेला जाते. ती जागा नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहराच्या थेट उत्तरेला, भर समुद्रात आहे. इतकी ढळढळीत चूक दिसते तरी. मिनिटांची चूक पाच-पंचवीस किलोमीटरांचीच असते, म्हणून वर्षानुवर्षं लपते. विमानतळ भरला की उपग्रहचित्रावर मोठं करून बघा, ठिपका धावपट्टीवर पडतो का. पनवेल-उलव्याच्या बाजूला तो खाडीत पडला तर आकडे परत बघा.

उंची फुटांत असते. वेळक्षेत्रासाठी ‘आशिया/कोलकाता’ लिहा. जुन्या फाइलीत ‘आशिया/कलकत्ता’ सापडतं, दोन्ही एकच. ५.५ असा नुसता आकडा लिहू नका, कारण उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत तो वर्षातून दोनदा खोटा ठरतो.

अवर-एअरपोर्ट्समध्ये नोंद चुकीची दिसली तर आपल्या फाइलीत गुपचूप दुरुस्त करून बसू नका. तिथे खातं उघडून मूळ नोंद सुधारा. नाहीतर पुढच्या वेळी त्यांची ताजी फाइल उतरवली की तुमची दुरुस्ती वाहून जाईल.

कंपन्यांचे कोडही परत वापरले जातात

आयसी हा कोड आमच्या पिढीला इंडियन एअरलाइन्सचा म्हणून पाठ आहे. ती कंपनी एअर इंडियात विरून गेली आणि मार्च २०२४पासून तोच कोड घेऊन फ्लाय-९१ उडते आहे, गोव्याहून, एटीआर या पंख्याच्या लहान विमानांवर. कोडवरून कंपनीचं नाव काढणारा प्रोग्राम जुन्या मार्गफाइलीला हे नवं नाव बेधडक चिकटवतो. म्हणून कंपन्यांनाही स्वतःचा क्रमांक आणि तारखा.

विलीनीकरण आलं की जुन्या कंपनीच्या सगळ्या चालू ओळींना शेवटची तारीख द्यायची आणि नव्या कंपनीच्या नावानं दुसऱ्या दिवसापासून नव्या ओळी उघडायच्या. एआयएक्स कनेक्ट, म्हणजे पूर्वीची एअरएशिया इंडिया, १ ऑक्टोबर २०२४ला एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये गेली तेव्हा हेच करायला हवं होतं. नुसतं ‘शोधा आणि बदला’ केलं तर इतिहास खोटा होतो. आणि विलीन झालेल्या कंपनीचे सगळे मार्ग पुढे चालू राहतीलच असंही नाही; प्रत्येक ओळ वेगळी तपासावी लागते.

बातमी कुठून, पुरावा कोणता

मार्ग जाहीर होणं, त्याची तिकिटं विकायला येणं आणि विमान प्रत्यक्ष उडणं या तीन वेगळ्या घटना आहेत. स्थितीच्या रकान्यात आम्ही त्या वेगळ्या ठेवतो आणि नकाशावर जाहीर झालेला मार्ग तुटक रेषेनं दाखवतो. स्थानिक वर्तमानपत्रात ‘आमच्या शहरातून लवकरच विमानसेवा’ अशी बातमी दर सहा महिन्यांनी येते. ती तुटक रेषेलाही पुरत नाही. कंपनीनं तारीख दिलेली हवी.

डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, दर हंगामाला देशांतर्गत उड्डाणांचं मंजूर वेळापत्रक प्रसिद्ध करतं. हा सगळ्यात भक्कम पाया. हंगाम दोनच: उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारपासून, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून. पण मंजूर म्हणजे उडालं असं नाही. कंपन्या मंजुरी घेऊन ठेवतात आणि विमान मिळालं नाही की तो मार्ग सोडून देतात. म्हणून वेळापत्रकावरून यादी काढायची आणि प्रत्येक मार्गासाठी कंपनीच्या बुकिंग पानावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांतल्या वेगवेगळ्या वारांना विनाथांबा उड्डाण विकलं जातंय का ते बघायचं. ‘थेट’ आणि ‘विनाथांबा’ यांत गल्लत करू नका. एकाच क्रमांकाचं विमान मधे उतरून पुढे जातं तेव्हा नकाशावर दोन रेषा हव्यात.

डीजीसीएची शहरजोड्यांची मासिक प्रवासी आकडेवारी उशिरा येते, पण ‘हा मार्ग खरंच चालला का’ याचं उत्तर तिथे मिळतं. शंकास्पद जुन्या ओळी बंद करताना ती फार उपयोगी पडते.

उडाल्याचा पुरावा म्हणून ओपनस्काय नेटवर्कची माहिती बघता येते. स्वयंसेवकांनी लावलेल्या रिसीव्हरवर विमानांचे संदेश टिपून ती गोळा होते आणि संशोधन व बिगरव्यापारी वापरासाठी मिळते. दोन पथ्यं पाळा. वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यामुळे आपल्याकडे पहाटे दोनला सुटलेलं विमान तिथे आदल्या तारखेला दिसतं, आणि पहिल्या उड्डाणाची तारीख एका दिवसानं चुकते. दुसरं, निघण्याचा विमानतळ हा मार्गावरून काढलेला अंदाज असतो. दोन विमानतळ इतके जवळ असताना त्या अंदाजावर एकट्यावर विसंबू नये.

विकिपीडियावरचे विमानतळांच्या पानांतले तक्ते वाचा, तिथले संदर्भ उघडा, पण तक्ता उचलून आणू नका. विमानांचा मागोवा घेणाऱ्या व्यापारी संकेतस्थळांवरून माहिती खरवडणं तर नकोच. त्यांच्या अटींत ते बसत नाही आणि त्यांनी दार बंद केलं की तुमचं साधन एका रात्रीत आंधळं होतं.

बंद, की थांबलेलं?

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणं हजारोंनी रद्द झाली. त्या दिवसांत कुणी उत्साहानं मार्ग बंद करत बसलं असतं तर पंधरा दिवसांनी तेवढेच परत उघडावे लागले असते. २५ मार्च ते २४ मे २०२०मध्ये तर देशांतर्गत प्रवासी सेवाच बंद होती. रद्द उड्डाण म्हणजे बंद मार्ग नव्हे.

आमचा ठोकताळा असा: कंपनीनं स्वतः बंद केल्याचं सांगितलं, तर ती तारीख. काहीच सांगितलं नाही, पण चालू हंगामभर आणि पुढच्या हंगामातही तिकीट मिळत नसेल, तर शेवटच्या ज्ञात उड्डाणाची तारीख घालून बंद. मधल्या काळात स्थिती ‘थांबलेलं’. इंडिगोचं अल्माटी आणि ताश्कंद एप्रिल २०२५च्या अखेरीस थांबलं, कारण पाकिस्ताननं हवाई हद्द बंद केल्यावर ती विमानं तिथवर पोचेनात. ‘थांबलेलं’ या स्थितीसाठी याहून चांगलं उदाहरण नाही, आणि कारण लिहायला टिपणीचा रकाना याचसाठी असतो.

उडान या लहान शहरं विमानानं जोडणाऱ्या केंद्राच्या योजनेतल्या मार्गांना वेगळी खूण करा. त्यांना तोटा भरून देणारं अनुदान साधारण तीन वर्षं मिळतं. पहिल्या उड्डाणाच्या तारखेत तीन वर्षं मिळवा आणि त्या महिन्यात तो मार्ग मुद्दाम तपासा. चिपी, जळगाव, नांदेड, कोल्हापूर अशा विमानतळांवर रेषा येतात-जातात, आणि हा हिशेब असला की आधीच सावध राहता येतं.

एक्सेलपासून सावधान

मदत करणाऱ्यांना सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर) फाइल दिली की ते ती एक्सेलमध्ये उघडतात. इंडिगोचा कोड सिक्स-ई. ६ई२०४ हा उड्डाण क्रमांक एक्सेलला ‘सहा गुणिले दहाचा दोनशेचारावा घात’ असा आकडा वाटतो आणि तो तसा बदलून जतन होतो. गंमत म्हणजे ६ई४६० सुखरूप राहतो, कारण एवढा मोठा आकडा एक्सेलच्या मर्यादेत बसत नाही. अर्धा रकाना बरोबर, अर्धा बिघडलेला. शोधायला याहून त्रासदायक काही नाही. फाइल ‘आयात’ पर्यायातून उघडा आणि सगळे रकाने मजकूर म्हणून ठरवा. नाहीतर कोड आणि क्रमांक वेगळ्या रकान्यांत ठेवा, तो कायमचा इलाज. मराठी नावांची फाइल उघडल्यावर चित्रविचित्र अक्षरं दिसली तर यूटीएफ-८ ही अक्षरपद्धती निवडायची राहिलीय.

पायथन-पांडास ही तक्ते हाताळणारी लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी: ‘एनए’ ही दोन अक्षरं ते रिकामी जागा समजतं. नामिबिया हा देश आणि उत्तर अमेरिका हा खंड, दोघांचाही कोड हाच असल्यानं, त्यात गायब होतात. वाचतानाच ती सवय बंद करा.

यंत्राकडून तपासून घ्या

प्रत्येक बदल गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) वेगळा कमिट, म्हणजे वेगळी नोंद, व्हावा आणि पुल रिक्वेस्टनं, म्हणजे बदल सामील करायच्या विनंतीनं, यावा, आणि ती आली की एक छोटा प्रोग्राम आपोआप चालावा. त्यानं निदान एवढं बघावं: दोन्ही विमानतळ यादीत आहेत का, निघणं आणि पोचणं एकच तर नाही, शेवटची तारीख पहिलीच्या आधीची तर नाही, पुराव्याचा रकाना रिकामा तर नाही, कंपनी त्या तारखेला जिवंत होती का, भारतीय विमानतळ ६ ते ३८ उत्तर आणि ६८ ते ९८ पूर्व या चौकटीत आहे का. एटीआरच्या मार्गाची लांबी दीड हजार किलोमीटरच्या वर गेली तर इशारा द्यावा; बहुधा कोड चुकलेला असतो. अंतर काढायला हॅव्हरसाइन सूत्र आणि पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर पुरे.

रेषा काढताना पृथ्वीच्या गोलावरचा लघुतम मार्ग वापरा, आणि बंगळुरू–सॅन फ्रान्सिस्को काढून बघा. तो मार्ग १८० रेखांश ओलांडतो. तिथे रेषा तोडली नाही तर नकाशाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत आडवा पट्टा उमटतो.

रेषांखालचा पायाचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा असेल तर श्रेय कोपऱ्यात दिसलंच पाहिजे. तो नकाशा सीमा प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे दाखवतो, भारतीय सर्वेक्षण विभागाप्रमाणे नाही. भारतात प्रसिद्ध करायचं तर सीमा नसलेला साधा पाया घ्या, वाद आणि कायद्याची कटकट दोन्ही टळतात.

वर्षाचं वेळापत्रक आणि माणसं

मोठी तपासणी वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतरच्या पंधरवड्यात. त्याआधी नको, कंपन्या शेवटच्या दिवसापर्यंत फेरफार करतात. विमानतळ वाटून घ्या. मुंबईच्या दोन्ही मोठ्या विमानतळांना दोन-दोन माणसं, बाकीच्यांना मिळून एखाददुसरा. मधल्या महिन्यांत फक्त ‘शेवटची तपासणी’ सहा महिन्यांपेक्षा जुनी असलेल्या ओळींची यादी प्रोग्रामनं काढून द्यावी, आणि नकाशावरही त्या फिक्या दिसाव्यात. वापरणाऱ्याला कळू दे की ही रेषा कुणी बऱ्याच दिवसांत पाहिलेली नाही.

नवीन माणसाला पहिलं काम नेहमी बंद मार्ग शोधण्याचं द्या. नवा मार्ग सगळेच कळवतात, विमानतळावर केक कापल्याचे फोटो येतात. बंद होताना कुणी केक कापत नाही, आणि नकाशा खोटा होतो तो तिथे.

डोमेनचं नूतनीकरण, होस्टिंगचं खातं आणि गिट भांडाराची मालकी किमान दोघांकडे असू द्या. एकाची बदली झाली किंवा घरात बाळ आलं तरी दुसऱ्याला पासवर्ड विचारत फिरावं लागणार नाही. चालवणारं कुणीच उरलं नाही, तर मुख्य पानावर ‘अमुक तारखेनंतर तपासलेलं नाही’ एवढी ओळ टाका आणि सगळ्या फाइली उतरवता येतील अशा ठेवा. तारखा आणि पुरावे असलेला तक्ता पुढच्याला जिथे सुटला तिथून उचलता येतो.